इंजिनाची ऊब आणि पंखांवरचा बर्फ

अंबरनाथ आणि बदलापूर या दोन स्थानकांमध्ये रुळांचे जेवढे अंतर आहे, तेवढेही सरळ वर जावे लागत नाही. जुलैच्या भर पावसात जांभूळ गावाच्या डोक्यावर साधारण सव्वापाच-साडेपाच किलोमीटरवर तापमान शून्य अंशाला टेकलेले असते. हिवाळ्यात ही शून्याची रेषा आणखी खाली, साडेचार किलोमीटरच्या आसपास येते. उल्हास नदीचे पाणी शुद्ध करून आसपासच्या शहरांना पुरवणारे एमआयडीसीचे केंद्र ही जांभूळची ओळख. बर्फाशी या परिसराचा संबंध लावायचे कोणाच्या मनात येणार नाही. नेवाळीची दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी इथून जवळ आहे, पण तिच्यावरून आज प्रवासी विमान उडत नाही. तरीही या पट्ट्यातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने घरच्या संगणकावर विमान चालवण्याचा सिम्युलेटर घेतला आणि त्यात पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे टर्बोप्रॉप विमान निवडले, तर पहिल्याच ढगात बर्फाचा प्रश्न समोर उभा राहतो. छतावर किंवा बाजूच्या पट्टीवर डी-आयसिंगच्या, म्हणजे बर्फ काढण्याच्या, बटणांची रांग असते. त्यातले कोणते, केव्हा आणि कशासाठी दाबायचे, हे शिकवताना बहुतेक मार्गदर्शक एक सोपी विभागणी करतात: इंजिनाचा बर्फ हा एक विषय, पंख आणि शेपटीचा बर्फ हा दुसरा. ही विभागणी मला चुकीची वाटते. जुन्या टर्बोप्रॉपमध्ये इंजिन आणि विमानाचे शरीर यांचा बर्फ हा एकाच उष्णतेचा जमाखर्च असतो. तो एकत्र मांडता आला तरच त्या बटणांचा अर्थ कळतो, आणि त्या काळातल्या अपघातांच्या चौकशा याची साक्ष देतात.

आधी बर्फाबद्दल. पाणी शून्य अंशाला गोठते हे शाळेतले वाक्य नळाच्या पाण्याबाबत खरे आहे, ढगातल्या थेंबाबाबत अपुरे आहे. स्वच्छ आणि बारीक थेंबाला गोठायला आधार लागतो. तो मिळाला नाही तर थेंब उणे दहा, उणे पंधरा अंशांतही द्रवच राहतो, आणि जोरदार चढत्या प्रवाहाच्या ढगात याहूनही थंड तापमानाला असे पाणी सापडते. यालाच अतिशीत पाणी म्हणतात. विमानाच्या पंखाची कड त्याला आदळली की हवा असलेला आधार मिळतो आणि ते तिथेच घट्ट होते. थेंब बारीक आणि थंडी कडक असेल तर पांढरा, खरखरीत, हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला थर बसतो. थेंब मोठे आणि तापमान शून्याच्या जवळ असेल तर पाणी गोठण्याआधी मागे पसरते आणि काचेसारखा पारदर्शक, जड, वेडावाकडा थर तयार होतो. दुसरा प्रकार अधिक वाईट.

महाराष्ट्रात हे घडतच नाही, असा आक्षेप इथे येणार. त्याचे उत्तर शेतकऱ्याला माहीत आहे. गार म्हणजे अतिशीत पाण्याचे थर एकावर एक गोठून झालेला गोळा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात उभी पिके झोपवणारी गारपीट झाली, तेव्हा ज्या ढगांतून ती पडली त्या ढगांत असे पाणी किती असेल याचा अंदाज करता येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून कायपीक्स या प्रकल्पात उपकरणे बसवलेली विमाने ढगांत नेली, आणि २०१८-१९ मध्ये सोलापूर हे या मोजमापांचे केंद्र होते. त्या उड्डाणांतून पुढे आलेली एक गोष्ट आपल्या विषयाला नेमकी लागू पडते. हवेत धूळ आणि धुराचे कण जास्त असले की थेंब बारीक राहतात, पाऊस पडायला उशीर होतो आणि तेच पाणी शून्याच्या रेषेच्या वर नेले जाते. कृत्रिम पावसासाठी सिल्व्हर आयोडाइड वापरायचे तर शोधावे लागते तेही हेच अतिशीत पाणी. म्हणजे ज्या पाण्याकडे दुष्काळी तालुका आशेने पाहतो, तेच पाणी वैमानिकाला टाळायचे असते. बर्फ आपल्याकडे आहे, फक्त तो आपल्या पायांपाशी येत नाही. या फरकाचा एक मोठा फायदा आहे, त्याकडे पुढे येतो.

आता विमान. टर्बोप्रॉप म्हणजे ज्यात जेटसारखे टर्बाइन इंजिन पुढचा पंखा, म्हणजे प्रॉपेलर, फिरवते ते विमान. प्रवासी वाहतुकीतले पहिले यशस्वी टर्बोप्रॉप म्हणजे ब्रिटनचे व्हिकर्स व्हायकाउंट. त्याचे पहिले उड्डाण १६ जुलै १९४८ चे. इंडियन एअरलाइन्सने १९५७ मध्ये व्हायकाउंट विमाने आणली. पुढे व्हायकाउंटच्याच रोल्स-रॉइस डार्ट जातीच्या इंजिनांवर चालणारी फॉकर फ्रेंडशिप आली आणि कानपूरच्या कारखान्यात जुळवलेली ॲव्रो ७४८ आली. हवाई दलातली ॲव्रो इतकी टिकली की तिच्या जागी सी-२९५ आणण्याचा करार व्हायला २०२१ साल उजाडले. पन्नाशी-साठी उलटलेल्या मराठी वाचकांपैकी ज्यांनी मुंबईहून छोट्या शहराकडे विमानप्रवास केला असेल, त्यांनी डार्ट इंजिनाची ती तीक्ष्ण शिट्टी ऐकलेली असण्याची शक्यता मोठी आहे. सिम्युलेटरमध्ये हीच विमाने छंदी लोक आवडीने चालवतात, कारण त्यांत संगणक निर्णय घेत नाही. प्रत्येक गोष्ट हाताने करावी लागते.

व्हायकाउंटमध्ये बर्फाशी लढायच्या दोन व्यवस्था होत्या. प्रॉपेलरची पाती, त्यांच्या मधली टोपी आणि इंजिनात हवा जाते ते तोंड यांना विजेच्या तारांची आवरणे तापवत. ही वीज इंजिनावर चालणाऱ्या जनित्रांची. सगळी पाती सतत तापवत ठेवायला ती पुरत नाही, म्हणून काही भाग सतत आणि काही भाग आळीपाळीने तापवायचे. पात्यावर थोडा बर्फ जमू द्यायचा, मग त्याच्या बुडाला ऊब देऊन तो सुटा करायचा आणि फिरण्याच्या जोराने भिरकावायचा. दुसरी व्यवस्था पंख आणि शेपटीच्या कडांसाठी. इंजिनाच्या धुराड्यातून जाणाऱ्या तप्त वायूवर बाहेरची हवा तापवायची आणि ती नळ्यांतून कडांच्या आत खेळवायची. एक वीज, एक गरम हवा. वरवर पाहता दोन स्वतंत्र खाती. पण वीज इंजिन फिरते म्हणून मिळते आणि हवा इंजिन जळते म्हणून तापते. दोन्ही खात्यांत जमा होणारी रक्कम एकाच ठिकाणाहून येते, आणि ते ठिकाण म्हणजे वैमानिकाच्या हातातला थ्रॉटल, इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा.

पहिला पुरावा अमेरिकेतला. १८ जानेवारी १९६० च्या रात्री कॅपिटल एअरलाइन्सचे वॉशिंग्टनहून नॉरफोकला निघालेले व्हायकाउंट व्हर्जिनियात चार्ल्स सिटीजवळ कोसळले आणि विमानातले सर्व ५० जण गेले. चौकशीचा निष्कर्ष असा की बर्फाळ हवेतून जाताना इंजिनांची बर्फरोधक व्यवस्था चालू करायला उशीर झाला, इंजिनांची ताकद गेली, आणि ती पुन्हा मिळवायला लागणारी वीजही तिच्याबरोबर गेली. ही साखळी कडी-कडीने पाहण्यासारखी आहे. तोंडावर जमलेला बर्फ सुटून आत गेला किंवा हवेची वाट बिघडली की इंजिन विझते. विझलेल्या इंजिनाचा प्रॉपेलर हवेला अडवू नये म्हणून पात्यांची कड समोरच्या हवेकडे वळवली जाते, त्याला फेदर करणे म्हणतात. इंजिन परत पेटवायचे तर पाती पुन्हा वळवावी लागतात आणि त्याला वीज हवी. वीज देणारी जनित्रे मात्र त्याच विझलेल्या इंजिनांवर बसलेली. उरते ती बॅटरी, आणि ती प्रत्येक प्रयत्नाला आणखी रिकामी होते. काही मिनिटांचा उशीर असा सगळ्या खात्यांत एकदम नावे पडला.

म्हणून इंजिनाच्या बाबतीत नियम असा की बर्फ दिसण्याची वाट पाहायची नाही. ढग, पाऊस, धुके असे काहीही ओले दिसत असेल आणि तापमान शून्याच्या थोडे वर असले तरी बटण आधी दाबायचे. शून्याच्या वर का, हा प्रश्न नवख्याला हमखास पडतो. इंजिन हवा खेचते तेव्हा तोंडाशी दाब घटतो आणि दाबाबरोबर हवेचे तापमानही काही अंशांनी उतरते. बाहेरचा तापमापक अधिक चार दाखवत असताना आतल्या कडेवर बर्फ धरू शकतो. आजच्या अनेक टर्बोप्रॉपच्या पुस्तिकांत ही सीमा अधिक पाच किंवा सात अंशांच्या आसपास ठेवलेली असते, ती यामुळेच. १३ जानेवारी १९८२ ला वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीत पडलेले एअर फ्लोरिडाचे विमान जेट होते, तरी त्याची कथा इथे सांगण्याजोगी आहे. इंजिनाची बर्फरोधक व्यवस्था बंद होती, तोंडाशी असलेली दाब मोजणारी बारीक नळी गोठली, आणि यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त ताकद दाखवू लागले. वैमानिकांना वाटले, जोर पुरेसा आहे. जमिनीवरच्या चौघांसह ७८ माणसे गेली.

माझ्या मुद्द्याला सर्वांत मोठा आधार देणारा अपघात मात्र स्वीडनमधला आहे. १५ जानेवारी १९७७ ला स्टॉकहोमच्या ब्रोमा विमानतळावर उतरू पाहणारे व्हायकाउंट शेवटच्या टप्प्यात अचानक नाक खाली करून वस्तीजवळ कोसळले; २२ जणांपैकी कोणी वाचले नाही. शेपटीच्या आडव्या पंखावर बर्फ होता. तो तिथे का राहिला, याचे उत्तर शेपटीपाशी सापडले नाही, इंजिनांपाशी सापडले. मधली, म्हणजे क्रमांक दोन आणि तीनची इंजिने बराच वेळ कमी ताकदीवर चालवली गेली होती, त्यामुळे बर्फ वितळवणारी हवा पुरेशी तापतच नव्हती. शेपटी उघडी पडली ती थ्रॉटल मागे ओढल्यामुळे. इंजिन हा एक विषय आणि शरीर हा दुसरा, अशी विभागणी डोक्यात ठेवून विमान चालवणाऱ्याला हा धोका दिसूच शकत नाही, कारण तो दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या पानावर बसलेला आहे.

शेपटीवरच्या बर्फाचे वागणे समजून घ्यायला थोडा वेळ द्यावा लागतो, पण तो द्यावा. पंख विमानाला वर उचलतो. शेपटीचा आडवा पंख बहुधा खाली ढकलतो, आणि त्या खालच्या जोराने नाक वर राहते. उतरताना वैमानिक पंखांचे फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, खाली सोडतो. त्यामुळे पंखामागची हवा अधिक खाली वळते आणि शेपटीला ती अधिक तिरकी लागते. स्वच्छ शेपटी हे सहन करते. बर्फाने खडबडीत झालेल्या शेपटीवरचा प्रवाह त्या क्षणी सुटतो, खाली ढकलणारा जोर नाहीसा होतो आणि नाक एकदम आपटते. २९ जानेवारी १९६३ ला कॅन्सस सिटीला उतरताना कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सचे व्हायकाउंट असेच पडले होते; त्यात आठ जण होते. पंखावरचा प्रवाह असा सुटला, म्हणजे पंखाचा स्टॉल झाला, तर दांडी पुढे ढकलून वेग घ्यायचा असतो. शेपटीचा स्टॉल झाला तर दांडी मागे ओढायची, फ्लॅप वर घ्यायचे. दोन्हीत जमीन जवळ आलेली असते आणि उपाय परस्परविरुद्ध असतात. म्हणून शेपटीवर बर्फ असल्याची शंका असेल तर फ्लॅप कमी सोडणे आणि धावपट्टी लांब निवडणे, हा शहाणपणा आधीच करून ठेवायचा असतो.

हे सगळे संगणकासमोर बसलेल्या माणसाच्या हातात कसे उतरते? ढगात शिरण्याआधी तापमान पाहायचे, ओलसरपणा पाहायचा, इंजिनांची तापक व्यवस्था एकेक करून चालू करायची, म्हणजे विजेचा सगळा भार एकदम पडत नाही. प्रत्येक वेळी विजेच्या काट्याकडे नजर टाकायची. सोय असेल तर इंजिनाची ठिणगी सतत चालू ठेवायची, विझलेच तर लगेच पेटावे म्हणून. पंख-शेपटीची गरम हवा सोडल्यावर तिचा तापमापक बघत राहायचे, नुसते बटण दाबले की काम झाले असे मानायचे नाही. खरी परीक्षा उतरताना होते. सामान्य दिवशी उतरायचे तर थ्रॉटल मागे घेऊन विमान सरकू दिले की भागते. बर्फात तसे करता येत नाही. ऊब हवी तर जोर ठेवावा लागतो, जोर ठेवला तर वेग वाढतो. मग उतरायला आधी सुरुवात करायची, किंवा चाके लवकर सोडून त्यांच्या अडथळ्याने वेग आवरायचा. म्हणजे बर्फाचे नियोजन हे उतरण्याच्या नियोजनात पन्नास-साठ किलोमीटर आधीच शिरलेले असते. आणि जमिनीवर थांबल्यावर विजेचे तापक बंद करायला विसरायचे नाही, कारण वाहती हवा नसेल तर ज्या आवरणांनी विमान वाचवले तीच जळतात.

सिम्युलेटरमधला बर्फ खोटा असतो, मग त्यावर एवढा खल कशाला, हा आक्षेप मात्र हलका नाही. बऱ्याच सिम्युलेटरांत बर्फाचा परिणाम बंद ठेवायची किंवा तो फक्त दिसण्यापुरता ठेवायची सोय असते, आणि चालू ठेवला तरी गणित अनेकदा असे की विमानाचे वजन वाढव, उचल थोडी घटव. प्रत्यक्षात वजन हा बर्फाचा सर्वांत लहान अपराध आहे. मध्यम किंवा जाड सँडपेपरएवढा पातळ, खरखरीत थरही पंखाची उचल सुमारे ३० टक्क्यांनी कमी आणि हवेचा विरोध सुमारे ४० टक्क्यांनी जास्त करू शकतो, असे आकडे उड्डाण प्रशिक्षणात दिले जातात. शिवाय खरा बर्फ दोन्ही पंखांवर सारखा बसत नाही, तो आधी शेपटीसारख्या बारीक कडांवर धरतो, वैमानिकाला न दिसणाऱ्या जागी. हे सगळे घरगुती सिम्युलेटर दाखवत नाही, हे मान्य करायलाच हवे. पण सिम्युलेटरमध्ये बर्फ शिकवताच येत नाही असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. नासाने ट्विन ऑटर या छोट्या टर्बोप्रॉपवर खोट्या बर्फाचे साचे चिकटवून नव्वदीच्या दशकात शेपटीच्या स्टॉलचा प्रत्यक्ष उड्डाणात अभ्यास केला, आणि पुढे त्या मोजमापांवर आधारलेले बर्फाचे प्रशिक्षण देणारे उपकरणही बनवले. आकडे खरे असतील तर यंत्र खरे वागते. आणि आकडे कमी-अधिक असले तरी क्रम, म्हणजे आधी काय, मग काय आणि कशाला किती वेळ, हा घरच्या संगणकावरही खरा राहू शकतो, जर विमान बनवणाऱ्याने ऊब आणि जोर यांचा धागा जोडलेला असेल. मी सिम्युलेटरकडून हाताची सवय मागत नाही, हिशेबाची मागतो.

फॉकर फ्रेंडशिप किंवा ॲव्रो निवडली तर हिशेब थोडा बदलतो. त्यांच्या पंखांच्या कडांवर काळ्या रबरी पट्ट्या असतात, त्यांना बूट म्हणतात. दाबाची हवा भरून त्या फुगवल्या की वरचा बर्फ तडकून उडतो. गरम हवेपेक्षा हे फार स्वस्त, म्हणून आजही बहुतेक टर्बोप्रॉपमध्ये बूटच असतात. जुन्या पुस्तिका सांगत की पाव ते अर्धा इंच बर्फ जमेपर्यंत बूट फुगवू नका, नाहीतर फुगलेल्या रबराभोवती बर्फाची कमान तयार होईल आणि आतले रबर नुसतेच हलत राहील. पुढच्या चाचण्यांत आधुनिक बुटांवर अशी कमान सापडली नाही, आणि आजचा सल्ला बर्फाची पहिली खूण दिसताच बूट चालू करण्याचा आहे. जुन्या विमानाच्या सिम्युलेटरमध्ये मग कोणते ऐकायचे? काही छंदी लोक त्या काळच्या पुस्तिकेला चिकटतात आणि त्यांची निष्ठा मला समजते. तरी वाट पाहण्याची सवय मी लावून घेणार नाही. इतिहास वाचण्यासाठी जुनी पुस्तिका हवी, हाताला वळण लावण्यासाठी आजचे ज्ञान.

राहिला तो आक्षेप, की हे सारे जुन्या यंत्रांचे प्रश्न आहेत. आज महाराष्ट्र-गोव्यात जळगाव, सिंधुदुर्ग अशा विमानतळांवर जे एटीआर ७२-६०० उतरते त्यात बर्फ ओळखणारे यंत्र असते, विमान मंदावत असल्याचा इशारा असतो. ते खरेच आहे. पण एटीआरचाच इतिहास बघा. ३१ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेत रोझलॉनला एटीआर ७२ पडले, ६८ जण गेले. विमान दहा हजार फुटांवर फ्लॅप थोडे सोडून घिरट्या घालत होते आणि मोठ्या अतिशीत थेंबांनी बुटांच्या मागे, जिथे रबर पोचत नाही तिथे, बर्फाची कड उभी केली. त्यानंतर एटीआरचे बूट मागे वाढवण्यात आले. ९ ऑगस्ट २०२४ ला ब्राझीलमध्ये विन्येदो इथे व्होएपासचे एटीआर ७२-५०० भोवऱ्यासारखे फिरत घरांच्या आवारात पडले, ६२ जण गेले. प्राथमिक अहवालात वैमानिकाचे बर्फ खूप असल्याचे बोलणे नोंदले आहे, आणि पंखांची डी-आयसिंग व्यवस्था अनेकदा चालू-बंद झाल्याचेही. यंत्र इशारा देते. त्या इशाऱ्याची किंमत ओळखणे माणसाकडेच राहते, आणि ती ओळख ज्या विमानात इशाराच नव्हता त्यावर अधिक पक्की होते, असे माझे मत आहे.

आता वर राहिलेला फायदा. आपल्या आकाशात बर्फातून सुटायची वाट जवळजवळ नेहमी उघडी असते, ती म्हणजे खाली. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे; शून्याची रेषा पावसाळ्यात त्याच्या तिप्पट उंचीवर. स्वीडनमध्ये जानेवारीत जमिनीपर्यंत गोठलेली हवा असते, इथे मुंबईला उतरणाऱ्या विमानाचा बर्फ कल्याण यायच्या आत गळून जातो. त्यामुळे ब्रोमासारखा शेपटीचा अपघात कोकणच्या आकाशात होणे अवघड आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. आपल्याकडे वजन इंजिनाच्या बाजूला झुकते: उंच वाढलेल्या ढगात, वीस हजार फुटांच्या आसपास, इंजिनाची तोंडे, प्रॉपेलर आणि वेग मोजणाऱ्या नळ्या. पण खाली जाण्याची वाटही फुकट नाही. ४ ऑगस्ट १९७९ ला पुण्याहून मुंबईला येणारे इंडियन एअरलाइन्सचे ॲव्रो ७४८ पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले आणि ४५ जण गेले. त्यात बर्फाचा संबंध नव्हता. ढग होते आणि डोंगर होता. बर्फापासून सुटण्यासाठी उंची सोडणाऱ्याने आधी नकाशावर त्या भागाची सुरक्षित उंची पाहिलेली असावी, एवढे त्यातून घ्यायचे. इथे शिकलेला वैमानिक उद्या लेहच्या थंडीत किंवा युरोपात नोकरीला जातो, आणि तिथे खाली उबदार हवा वाट पाहत नसते.

ज्यांच्या संगणकावर व्हायकाउंट किंवा त्याच्या पिढीचे गरम हवेवर चालणारे दुसरे विमान आहे, त्यांनी एक चाचणी जरूर करावी. बर्फाचा परिणाम पूर्ण चालू ठेवा, हवामानात उणे पाच अंशांचा दाट ढग लावा, इंजिन आणि शरीर दोन्हींची व्यवस्था सुरू करा आणि काटे स्थिर होऊ द्या. मग मधली दोन इंजिने मागे घ्या आणि पंख-शेपटीच्या हवेचा तापमापक पाहा. काटा खाली येऊ लागला तर त्या विमानावर वेळ घाला, ते तुम्हाला शिकवील. काटा हललाच नाही तर ते विमान दिसायला कितीही सुंदर असो, बर्फ शिकण्यासाठी दुसरे शोधा.